स्वच्छ घरांचा अभ्यास

साहेब येणार म्हणून तिनं सकाळपासून तिसऱ्यांदा कोबा घासला. साबण साहेबांनीच दिलेला. दर खेपेला रक्त काढून झालं की ते घरटी एक साबणाची वडी आणि एक प्लास्टिकचा पेला देत. दीड वर्षात चार खेपा झाल्या होत्या, फळीवर चार पेले होते. शेजारणीनं एकदा भोळेपणाचा आव आणून विचारलं होतं, पेल्याला एवढं रक्त लागतं, तर बादली हवी असेल तर काय काढून द्यावं लागेल? साहेबांबरोबरच्या मॅडमनी तो प्रश्नही वहीत लिहून घेतला.

फडकं पिळल्यावर पाणी काळपट झालं, ते तिनं दाराबाहेर ओतलं. दाराबाहेर दहा पावलांवर भट्टी होती. तिचा सासरा चाळीस वर्षं जाळ्यांची शिशं ओतत होता. गावाखालच्या तलावात जेवढी जाळी बुडत, त्यातली बरीचशी याच्या वजनांनी बुडत. गाड्यांच्या मेलेल्या बॅटऱ्या घणानं फोडायच्या, आतलं आंबट पाणी खड्ड्यात सोडायचं, काळ्या पट्ट्या लोखंडी कढईत वितळवायच्या, वरची मळी पळीनं काढायची आणि खालचं चकचकीत शिसं साच्यात ओतायचं. बॅटऱ्या आणायचं काम नवऱ्याचं. तो सायकल घेऊन आठ-आठ दिवस गावोगाव फिरे. साच्यातून निघालेल्या बोटभर नळ्या कानशीनं घासायच्या आणि शंभराच्या माळा ओवायच्या, हे सुनेकडे. कानशीखालचा भुगा कुठं जातो, हे कुणी विचारत नव्हतं. तो तिच्या केसांत जाई, पाण्याच्या भांड्यावर बसे, पोरीच्या तळहातांवर चिकटे.

यंदा पाऊस कमी झाला होता आणि तलाव अर्ध्यावर आला होता. उरलेले मासे मधल्या खोल डोहात जाऊन बसले होते. खोल जाळ्याला वजन दुप्पट लागतं. मासेमारीची बंदी उठायला बावीस दिवस राहिले होते आणि दहा हजार नळ्या द्यायच्या होत्या. दुष्काळात आजूबाजूची गावं हातावर हात ठेवून बसली होती, आणि इथे जेवायला फुरसत नव्हती.

पण तिचं लक्ष नळ्यांत नव्हतं. तिचं लक्ष पोरीत होतं. चिमी आता चार वर्षांची होत आली होती. दीड वर्षापूर्वी ही पोरगी दिवसभर चिवचिव करून डोकं उठवायची. आता हाक मारली तर मान वळवायलाही वेळ घ्यायची. पोट धरून बसायची. तीन-तीन दिवस परसाकडे व्हायचं नाही. जेवण पुढे ठेवलं की तोंड फिरवायची, आणि नळ्यांच्या ढिगाजवळ गेली की एक उचलून तोंडात घालायची, कारण शिसं चवीला गोड लागतं. आईनं तिच्या तोंडातून नळी काढली की हिरड्यांच्या कडेला एक निळसर रेघ दिसायची. ती रेघ घासून जात नव्हती.

आदल्या संध्याकाळी वहीवाला नेहमीप्रमाणे घरोघर सांगून गेला होता. वहीवाला म्हणजे गावातलाच, वरच्या आळीतला, नवऱ्याचा लांबचा भाऊ. शिकून चार वर्षं रिकामा हिंडत होता, साहेबांनी त्याला वही धरायला ठेवलं. तेव्हापासून तो शर्ट खोचायला लागला. दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, उद्या साहेब येतायत. घर जरा नीट ठेवा. मागच्या वेळी खालच्या आळीत लोकांनी अंथरुणं तशीच टाकलेली. मान खाली घालायची वेळ येते माझ्यावर."

त्याची मान खाली जाऊ नये म्हणून चाळीस घरांतल्या बायका दर चार महिन्यांनी गुडघ्यांवर बसून जमीन घासत होत्या.

जीप आली तेव्हा ऊन चढलं होतं. अंगणात पाय टाकण्याआधी साहेब, मॅडम आणि वहीवाला, तिघांनीही नाकातोंडावर जाड पट्ट्या चढवल्या. साहेब मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेचे. बोलायचे हळू आणि गोड, आणि समोरच्याकडे न बघता. मॅडम तरुण होत्या. त्यांना या अभ्यासावर मोठी पदवी मिळायची होती, म्हणजे गावानं बोट पुढे करायचं आणि पदवी त्यांच्या नावापुढे लागायची.

"आजोबा, तुमचं काम चालू द्या," साहेब म्हणाले. "आमच्यासाठी काही बदलू नका."

"तुमच्यासाठी कशाला बदलू?" म्हातारा म्हणाला आणि त्यानं कढईतली मळी पळीनं बाजूला ओढली.

मॅडमनी घरात येऊन कोब्यावर वीतभर लांबीरुंदीची पत्र्याची चौकट ठेवली. चौकटीतली जमीन ओल्या कागदानं पुसली, उभी, आडवी. कागद वर धरला. जवळजवळ पांढराच. त्यांनी तो साहेबांना दाखवला.

"वा," साहेब म्हणाले. "फार स्वच्छ घर आहे हं तुमचं."

तिला बरं वाटलं. पुढे तिला त्या बरं वाटण्याची इतकी लाज वाटली, की आठवण आली की तिचे कान तापायचे. पण त्या वेळी बरं वाटलं, हे खरं.

मग चिमीला पाटावर बसवलं. पहिल्या खेपेला तिला चार जणांनी धरावं लागलं होतं. तिनं तेव्हा साहेबांच्या मनगटाला चावा घेतला होता. आज सुई आत गेली तरी ती नुसती सुईकडे बघत राहिली.

"शहाणी झाली," साहेब म्हणाले.

आईनं पेल्यात पाणी आणलं, त्यांच्याच पेल्यात. साहेबांनी हात जोडले आणि आपल्या बाटलीतलं पाणी प्यायले. मॅडमनीही बाटली काढली. इथपर्यंत ठीक होतं. मोठ्या माणसांना दुसऱ्याच्या घरचं पाणी सोसत नाही, हे ती धरून चालली होती. पण वहीवाल्यानंही पाण्याला हात लावला नाही. पहिल्या दोन खेपांना हाच माणूस तिच्याकडून मागून दोन पेले पाणी प्यायचा, नाक उघडं ठेवून अंगणात विडी ओढत बसायचा. तिसऱ्या खेपेपासून त्याच्याही नाकावर पट्टी आली आणि त्याची तहान गेली.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्हाला आमच्या पाण्याचा कधीपासून वास यायला लागला?"

"तसं नाही वहिनी. नियम आहे."

"मग नियम आम्हाला का नाही?"

वहीवाल्यानं वहीत तोंड घातलं. ती साहेबांकडे वळली.

"साहेब, याआधी चार वेळा रक्त नेलंत. पोरीच्या रक्तात काय निघालं?"

"ते सगळं शेवटी सांगणार आहोत. दहा दिवसांनी शाळेत सभा आहे, तिथे या."

"हिचं वेगळं सांगाल ना?"

"सगळ्यांचं मिळून सांगू," साहेब म्हणाले आणि पाचवा पेला पाटावर ठेवला.

जीप गेल्यावर ती भट्टीजवळ गेली. म्हातारा साच्यात शिसं ओतत होता. त्याचा उजवा हात मनगटातून लोंबत होता. वर्षभरापासून पंजा वर उचलताच येत नव्हता, म्हणून त्यानं पळीचा दांडा फडक्यानं मनगटाला बांधून घेतला होता. वय झालं, असं तो म्हणायचा. त्याच्या बापाचाही हात असाच लोंबायचा, आणि बापाचंही वयच झालं होतं. पंचेचाळिसाव्या वर्षी गेला तो.

"मामंजी, भट्टी तलावाकडे खाली नेऊया का? घरापासून लांब."

"कशाला?"

"पोरगी बरी नाही."

"पोरीला जंत झालेत. कंपाउंडरनं सांगितलं ना."

"दोनदा औषध पाजलं. एकही पडला नाही."

"मग तिसऱ्यांदा पाज." त्यानं साचा उलटा आपटला. सहा नळ्या मातीत पडल्या. "चाळीस वर्षं मी हा धूर खातोय. मला काय झालं?"

ती त्याच्या मनगटाकडे बघत राहिली. त्यानं तो हात मांडीआड घेतला.

"खाली पाणी वाहून न्यायचं, कोळसा वाहायचा, रात्री राखण बसायचं. एवढ्या घाईत? बंदी उठायला आली." मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "असं कर. साहेब रक्त नेतात ना? त्यांच्याकडून कागद आण. भट्टीमुळे होतंय असं लिहिलेला. त्याच दिवशी भट्टी उचलतो. तुझ्या भीतीवर माझी भट्टी हलायची नाही."

एवढं एक बोलणं तिनं पदरात पडलं असं मानलं. कागद आणायचा, की भट्टी हलली. नवरा सायकलवरून परत आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं. त्यानं पोत्यातल्या बॅटऱ्या मोजल्या आणि म्हणाला, "बघू." या माणसानं आयुष्यात दुसरा निर्णय घेतला नव्हता. लग्न ठरलं तेव्हाही तो बघूच म्हणाला होता, आणि लग्न झालं.

पुढचे दहा दिवस ती कानस चालवत राहिली. सकाळी दोनशे नळ्या, दुपारी दोनशे. बोटांची पेरं काळी झाली होती, ती साबणानं उजळत नव्हती. पोरीला तिनं शेजारणीकडे ठेवून पाहिलं, तर शेजारीण स्वतः अंगणात बसून तेच काम करत होती. खालच्या आळीत ठेवलं तर तिथे दोन घरांत भट्ट्या. सगळ्या गावात बिनभुग्याची वीतभर जागा म्हणजे साहेबांच्या चौकटीखालची, तीही साहेब येत त्या दिवशी. चौथ्या दिवशी दुपारी चिमीच्या पोटात एवढी कळ आली, की ती जमिनीवर वाकडी झाली. रडली नाही. दात आवळून, घाम गाळत, पाय घासत राहिली. आईनं तिचं पोट चोळलं, गरम फडकं ठेवलं. लेकरानं ओरडावं म्हणून आईनं देवाला विनवावं, अशी ती दुपार होती.

म्हातारा भट्टीवरून उठून दारात येऊन उभा राहिला. थोड्या वेळानं परत जाऊन बसला आणि त्या दिवशी त्यानं साचे नेहमीपेक्षा कमी ओतले.

दहाव्या दिवशी शाळेत सभा झाली. फळ्यावर पांढरी चादर लावून तिच्यावर चित्रं पाडली होती. बायका जमिनीवर बसल्या, पुरुष भिंतीला टेकून. साहेबांनी सुरुवातीलाच गावाचे आभार मानले. तुमच्यामुळे जगाच्या ज्ञानात भर पडली, असं म्हणाले. जगाच्या ज्ञानात भर घालायला आपण कधी गेलो होतो, हे सगळे आठवून बघत होते.

"तुमच्या मुलांच्या रक्तात शिसं आहे," साहेब म्हणाले. "सरासरी बरीच जास्त आहे. शिसं शरीराला चांगलं नसतं."

सभेत कुजबुज झाली. साहेबांनी हात वर केला.

"पण घाबरू नका. आमच्या अभ्यासातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली आहे. आपल्याला वाटेल, हे भट्ट्यांमुळे होतं. आम्हालाही तसंच वाटत होतं. मात्र आम्ही पाच वेळा प्रत्येक घरातली धूळ तपासली, आणि तुमच्या घरातल्या धुळीत शिसं जवळजवळ नाही. म्हणजे भट्टीतलं शिसं घरात येत नाही. ते दुसरीकडून येतंय. बहुधा तलावातल्या माशांतून. पुढची तीन वर्षं आम्ही मासे तपासणार आहोत."

म्हाताऱ्यानं भिंतीजवळून सुनेकडे पाहिलं. बघ, असं त्याला म्हणायचं होतं. आणि तिला कळलं, कागद आता मिळणार होता, आणि त्यावर भट्टी निर्दोष आहे असं लिहिलेलं असणार होतं.

मग तिला चौकट आठवली, पांढरा कागद आठवला, स्वतःचे सोललेले गुडघे आठवले. ती उभी राहिली.

"साहेब, जमीन आम्ही धुतलेली असायची."

"म्हणजे?"

"तुम्ही यायच्या आधी. मी तीनदा घासायची. तुमच्याच साबणानं."

साहेब पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघत होते. "का?"

"पाहुणे येणार म्हणून."

शेजारीण म्हणाली, "मी पण. भिंतीसुद्धा पुसायची." मागून आणखी एक म्हणाली, "आम्ही तर आदल्या दिवशी भांडी-कुंडी बाहेर काढायचो." मग सगळ्याच बोलायला लागल्या. कुणी पाणी ओतून झाडून घेत असे, कुणी फक्त उंबऱ्याजवळचं, कुणी पोराटोरांना दोन तास आत पाऊल टाकू देत नसे. एकीनं तर साहेबांनी जिथे चौकट ठेवली होती तेवढीच जागा ध्यानात ठेवून तेवढीच चकाचक केली होती. तिनं हे अभिमानानं सांगितलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं घासायला?" साहेबांनी विचारलं.

सगळ्या बायकांनी एकाच वेळी वहीवाल्याकडे पाहिलं. वहीवाल्याचा खोचलेला शर्ट एका बाजूनं बाहेर आला होता.

एवढा शिकलेला माणूस, एवढ्या मोठ्या संस्थेचा, कमावलेल्या कातड्यासारख्या हातांच्या बायकांना दीड वर्ष भेटत होता. पाहुणा यायच्या आधी गरिबाच्या घरी काय होतं, हे त्याला माहीत नव्हतं. विचारायचंही सुचलं नव्हतं. त्याच्या आईनं कधी घर आवरलं नसेल का? आवरलं असेल, पण ते करणारी बाई त्यानं पाहिली नसेल.

साहेबांनी चादरीवरचं चित्र विझवायला लावलं आणि मॅडमना कोपऱ्यात घेऊन गेले. पुढे बसलेल्यांना त्यांचं बोलणं ऐकू आलं. मॅडम म्हणत होत्या, लेख मागे घ्यावा लागेल. साहेब म्हणत होते, तो छापून आलाय, दोन परिषदांत वाचलाय, आता मागे काय घ्यायचं? मग ते पुढे आले, पुन्हा हळू आणि गोड बोलायला लागले. ही धुण्याची गोष्ट आपण आपल्यातच ठेवू, म्हणाले. आम्ही आणखी एक वर्ष अभ्यास करू. या वेळी मात्र कुणी झाडूसुद्धा मारायचा नाही.

"माझ्या पोरीच्या रक्तात किती आहे?" तिनं उभ्याउभ्याच विचारलं.

"एकेकाचा आकडा सांगता येत नाही. तो गुप्त असतो. तुमच्याच भल्यासाठी."

"कुणापासून गुप्त? मी आई आहे तिची."

"नियम आहे," साहेब म्हणाले. वहीवाला नियम कुठून शिकला, ते तेव्हा तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप पहिल्यांदा तिच्याच दारात आली. तिनं कोब्याला फडकं लावलं नव्हतं. रात्रीचा भुगा, राख, पोरीच्या पावलांचे ठसे, सगळं जसंच्या तसं होतं. मॅडमनी चौकट ठेवून कागद फिरवला. कागद कोळशासारखा काळा झाला. मॅडमनी तो पिशवीत टाकला नाही, हातातच धरून ठेवला.

साहेब अंगणात म्हाताऱ्याजवळ उकिडवे बसले होते. उकिडवं बसण्याची सवय नसल्यानं एक हात जमिनीला टेकला होता, आणि ते तो सारखा झटकत होते.

"आजोबा, तुमचं घर आमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे. वर्षभर काही बदलू नका. भट्टी इथेच राहू द्या. आणि ही मुलगी," त्यांनी चिमीकडे बोट केलं. ती नळ्यांच्या ढिगाशेजारी बसली होती. "हिला कुठे पाठवू नका. मामाकडे वगैरे. हिला अभ्यासातून सोडून चालणार नाही. सगळ्या गावात हीच वरची आहे."

"वरची?" म्हातारा म्हणाला. "कशात वरची?"

सून दारात येऊन उभी राहिली होती. तिच्यामागून मॅडम बाहेर आल्या, काळा कागद अजून हातातच होता.

"चौसष्ट," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम," साहेब म्हणाले.

"चौसष्ट आहे तिचा आकडा. पाचाच्या आत असायला हवा. पहिल्या खेपेला अडतीस होता."

"पहिल्या खेपेला?" आईनं विचारलं. "तुम्हाला तेव्हाच कळलं?"

"चार-पाच महिन्यांनी. तपासून यायला वेळ लागतो." मॅडमनी नाकावरची पट्टी खाली ओढली. "तेव्हा कळलं."

"याला औषध असतं?"

"असतं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. पण आधी शिशापासून लांब न्यावं लागतं."

"मग एक वर्ष तुम्ही येऊन बसत होतात ते?"

साहेब उठले. गुडघे झटकले. आता त्यांचा आवाज गोड राहिला नव्हता. "हे बघा बाई, आम्ही उपचार करायला आलो नव्हतो. अभ्यासाला आलो होतो. तसं फॉर्मवर स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यावर तुमचा अंगठा आहे."

होता. साबण आणि पेला घेताना तिनं अंगठा उठवला होता. वाचता येणाऱ्यानं लिहायचं आणि न येणाऱ्यानं अंगठा द्यायचा, आणि पुढे काही झालं तर अंगठ्यानं बोलायचं.

"अंगठा माझा आहे," ती म्हणाली. "आणि वहीत काय काय लिहिलंत माझ्या पोरीचं? तेवढं तरी वाचा." ती वहीवाल्याकडे वळली. "भाऊजी, वाचा. या घरचं पाणी प्यायलायत तुम्ही."

वहीवाल्यानं साहेबांकडे पाहिलं नाही. त्यानं जुनी वही काढली, पानं मागे नेली. "वजन आहे. उंची आहे. आणि... ती कोणते शब्द बोलते, ते लिहायचं असायचं. जसं बोलली तसं."

"वाचा."

तो वाचायला लागला. आवाज शाळेत धडा वाचणाऱ्या पोरासारखा एकसुरी होता. "पहिली खेप. आई. पाणी. दे. नको. मासा. मोठा मासा. माशी गेली. पाऊस ये. माझी चप्पल. गरम. हात नको, गरम. आबा. आबा ये. आबाला दे. आबा हात दुखतो..." पान उलटलं. दोन पानं भरली होती.

म्हाताऱ्यानं पळी खाली ठेवली होती. "हे कधी म्हणाली ती?"

"तुमच्याच मांडीवर बसली होती, काका. मी समोर होतो."

"मला आबा म्हणायची?"

"म्हणायची," सून म्हणाली.

"शेवटची खेप," वहीवाल्यानं वाचलं. "आई. दे. ऊं." त्यानं वही मिटली.

साहेबांना वाटलं आता काहीतरी बोलायला हवं. आणि ते मनापासून बोलले, हेच त्यात वाईट. "ही नोंद किती मोलाची आहे, याची तुम्हाला कल्पना नाही. शब्द एकेक करून कसे जातात, हे इतकं व्यवस्थित कुणीही लिहून ठेवलेलं नाही. कुठेही नाही. म्हणूनच म्हणतो, हिला मध्येच सोडू नका."

सुनेनं विनवलं तेव्हा म्हातारा हलला नव्हता. पोरगी जमिनीवर वाकडी झाली तेव्हाही त्यानं भट्टी विझवली नव्हती. पण चालू ठेव म्हणून विनवणारा माणूस त्यानं चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाहिला. त्यानं मनगटाचं फडकं दातांनी सोडलं. डाव्या हातानं कढईखालचे निखारे एकेक करून बाहेर ओढले, त्यांच्यावर वाळू लोटली. कढईतलं शिसं वरून राखाडी होत घट्ट व्हायला लागलं.

"मामंजी, नळ्या?" ती म्हणाली.

"खड्ड्यात गेल्या नळ्या. कागद मिळाला मला." त्यानं नातीकडे पाहिलं, हात पुढे केला आणि मग स्वतःच्या काळ्या बोटांकडे बघून मागे घेतला. "घेऊन जा हिला. जवळ घेत नाही मी, जा."

तिनं पिशवी घेतली नाही, कपडे बदलले नाहीत. चिमीला कडेवर घेतलं आणि सरळ जीपकडे चालत गेली. मागचं दार उघडून आत बसली, पोरीला मांडीवर घेतलं. पोरीनं तोंडातली नळी तिथंच थुंकली, कारण आईनं दोन बोटांनी गाल दाबला होता.

साहेब मागोमाग आले. "बाई, उतरा. ही संस्थेची गाडी आहे. पेशंट नेता येत नाही."

"पेशंट कुठे? तुमच्या अभ्यासातली आहे ना ती? तुम्हीच म्हणालात, हिला सोडायचं नाही. नाही सोडत."

"त्याचे काही नियम..."

मॅडम दुसऱ्या बाजूनं येऊन पुढच्या सीटवर बसल्या आणि ड्रायव्हरला दवाखान्याचं नाव सांगितलं. साहेबांकडे त्यांनी पाहिलं नाही. तिच्या कपड्यांतून, केसांतून, पोरीच्या तळव्यांतून भुगा सीटवर उतरत होता. करड्या सीटवरही तो दिसत होता. साहेब दार धरून उभे होते. एक पाय जीपच्या पायरीवर, एक जमिनीवर.

"बसा ना साहेब," ती सरकून जागा करत म्हणाली. "आम्ही यातच झोपतो."

साहेब बसले नाहीत. ड्रायव्हरनं थोडा वेळ वाट पाहिली, मग आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.